१८९७ च्या आधीही शनिवार होते : ए.एफ.एल. कमिशनला खुले पत्र

मा. अध्यक्ष आणि सदस्य,
ए.एफ.एल. (ऑस्ट्रेलियन फुटबॉल लीग) कमिशन, मेलबर्न यांस,

सप्रेम नमस्कार.

या पत्राची इंग्रजी प्रत तुमच्या कार्यालयाला वेगळी पाठवली आहे. ही मराठी प्रत आमच्या माणसांसाठी. मेलबर्नमध्ये आता मराठी घरं पुष्कळ झाली. पोरं सुट्टीच्या दिवशी सकाळी ऑस्किकला, म्हणजे लहानांच्या फुटबॉल सरावाला, जातात, मफलर कुठल्या रंगाचा यावरून घरात भांडणं होतात. आईबापांना मात्र अजून वाटतं की क्रिकेटचा हंगाम संपल्यावर मैदान ओस पडू नये म्हणून कुणीतरी हा ऑस्ट्रेलियन फुटबॉल नावाचा हातापायांचा गोंधळ काढला असावा. ते अगदीच चूक नाही म्हणा. टॉम विल्स या क्रिकेटपटूने १० जुलै १८५८ ला वर्तमानपत्रात पत्र छापून आणलं ते याच काळजीने, की हिवाळ्यात क्रिकेटपटूंची अंगं जड होऊ नयेत. खेळाची सुरुवातच एका जाहीर पत्राने झाली, तेव्हा आणखी एका पत्राचा तुम्हाला त्रास वाटू नये.

निमित्त तसं किरकोळ आहे. गेल्या गणेशोत्सवात इथल्या एका मराठी मेळाव्यात मुलांसाठी प्रश्नमंजूषा होती. आज सिडनी स्वान्स म्हणून खेळणारा संघ पहिल्यांदा विजेता कधी झाला, असा प्रश्न आला. माझ्या अकरा वर्षांच्या मुलीने हात वर केला आणि म्हणाली, "१८८१. तेव्हा साउथ मेलबर्न होता. मग ८८, ८९ आणि ९० ला लागोपाठ तीनदा." प्रश्न विचारणाऱ्या काकांनी फोनवर पाहिलं आणि सांगितलं, "चूक. १९०९." पोरगी रडली नाही, पण घरी येताना गाडीत तिने मला विचारलं, "बाबा, तू मला खोटं शिकवलंस का?"

काकांचा दोष नाही. त्यांनी तुमची अधिकृत यादी पाहिली. तुमच्या यादीत विजेते सुरू होतात १८९७ पासून, पहिला विजेता एसेंडन. त्याआधीचे वीस हंगाम, १८७७ ते १८९६, तिथे नाहीतच.

मी मूळचा कोल्हापूरचा, राहतो साउथ मेलबर्नमध्ये. यातलं पहिलं सांगितलं की दुसरं का टोचतं ते आमच्याकडच्या वाचकाला कळेल. आमच्याकडे फुटबॉल पेठेचा आणि तालमीचा. पाटाकडील, दिलबहार, खंडोबा, शिवाजी तरुण या नुसत्या टीमा नाहीत, माणूस कुठल्या गल्लीत वाढला त्याचा तो पत्ता असतो. शाहू स्टेडियमवर हरलेली मॅच चहाच्या गाड्यावर महिनाभर चालते. इथे आलो तेव्हा पहिल्या आठवड्यात शेजारच्या म्हाताऱ्याने विचारलं, "हू डू यू बॅरॅक फॉर?" म्हणजे तू कुठल्या संघाचा. नाव विचारायच्या आधी. मला वाटलं, चला, योग्य गावात आलो.

तो म्हातारा जन्माचा साउथ मेलबर्नवाला. १९८२ मध्ये त्याचा संघ उचलून सिडनीला नेला, आणि तेव्हापासून हा माणूस आपली मॅच टीव्हीवर बघतो. आम्ही दोघं आल्बर्ट पार्कच्या तळ्याभोवती फिरायला जातो. तळ्याच्या काठाला जुनं लेक ओव्हल आहे. आता तिथे धावण्याचा ट्रॅक आणि सॉकर. त्या कुंपणाशी थांबून त्याने मला १८८८ चा हंगाम सांगितला, त्याला त्याच्या आजोबांनी सांगितला होता तसा. मी तो मुलीला सांगितला. म्हणजे तुम्ही खोडलेली गोष्ट इथे निदान तीन घरांत तोंडी चालत आली आहे.

तो हंगाम थोडा सांगतोच.

१८८८ चं मेलबर्न म्हणजे पैशाने माजलेलं शहर. जमिनीचे भाव रोज चढत होते (तीन-चार वर्षांत सगळं कोसळणार होतं, पण तेव्हा कुणाला माहीत), ऑगस्टमध्ये शताब्दी प्रदर्शन उघडलं, आणि हिवाळ्यातल्या शनिवारी दुपारी माणसं मैदानांकडे लोटत होती. एका बाजूला वीस गडी. बदली खेळाडू नाही. मोजायचे ते फक्त गोल. बिहाइंडची, म्हणजे बाजूच्या खांबांमधून गेलेल्या चेंडूची, नोंद व्हायची, पण ते निकालात धरत नसत. त्यामुळे चिखलात अडीच तास लोळून तीन-दोन असा निकाल लागायचा आणि एकेका गोलवर जीव टांगलेला असायचा. आमच्या म्हाताऱ्याच्या मते तोच खरा खेळ, सहा गुणांचा गोल आणि एक गुणाचा बिहाइंड १८९७ ला आले तेव्हापासून हिशेब वाढला आणि खेळ कमी झाला. मला हे पटत नाही. पण त्याला तसं सांगितलेलं नाही.

त्याच जूनमध्ये इंग्लंडहून रग्बीवाले आले. दौरा कुणी अधिकृतपणे पाठवला नव्हता. क्रिकेटचे दोन व्यवहारी लोक, श्रूजबरी आणि शॉ, यांनी तो काढला होता, आणि व्हिक्टोरियात गल्ला कुठे आहे हे त्यांना बरोबर ठाऊक होतं. म्हणून रग्बीच्या ३५ सामन्यांच्या जोडीला या पाहुण्यांनी इथल्या नियमांनी १९ सामने खेळायचं कबूल केलं. जो खेळ त्यांनी आयुष्यात खेळला नव्हता तो! १६ जूनला इथल्या कार्लटन संघाने त्यांना १४ विरुद्ध ३ गोलांनी धुतलं. तरी गडी पळाले नाहीत. खाणींच्या गावांतून हिंडत, उडी मारून चेंडू झेलायला शिकत शिकत काही सामने त्यांनी जिंकलेही. ऑगस्टमध्ये त्यांचा कप्तान रॉबर्ट सेडन न्यू साउथ वेल्समध्ये हंटर नदीत नाव वल्हवताना बुडून मेला, आणि उरलेला दौरा स्टॉडार्टने नेला, तोच जो नंतर इंग्लंडच्या क्रिकेट संघाचाही कप्तान झाला.

आता हे बघा. ब्रिटिश लायन्स हा रग्बी संघ आपला इतिहास याच १८८८ च्या दौऱ्यापासून मोजतो, तो दौरा बिनसरकारी असूनसुद्धा. ज्या हिवाळ्यात पाहुणे आपला जन्म धरतात, त्याच हिवाळ्यात, त्याच शहरात साउथ मेलबर्न विजेता झाला, तर यजमानाच्या वहीत ते पान कोरं.

त्या साउथमध्ये पीटर बर्न्स होता. बॅलरॅटहून आला १८८५ ला, आला त्या वर्षी विजेतेपद, मग ८८, ८९, ९०. पुढे जिलाँगला गेला आणि १९०२ पर्यंत खेळला. १९९६ मध्ये तुम्ही हॉल ऑफ फेम काढलंत तेव्हा पहिल्याच तुकडीत त्याला घेतलंत. बरोबर केलंत. पण त्याच्या नावापुढे तुम्ही जे सामने लिहिता ते जिलाँगचे, आणि तेही १८९७ नंतरचे, पाय थकायला लागल्यावरचे. ऐन भरातली साउथमधली सात वर्षं तुमच्या हिशेबी शून्य. मग त्याला मानाचं पान दिलं ते कशाबद्दल?

माझ्या तक्रारी आता एकेक करून मांडतो.

पहिली तुमच्या वयाबद्दल. १९९६ साली तुम्ही खेळाच्या लीगची शताब्दी थाटात केलीत. १८९७ पासून शंभरावा हंगाम, ठीक. मग २००८ मध्ये ऑस्ट्रेलियन फुटबॉलची दीडशे वर्षं साजरी केलीत, १८५८ धरून. बारा वर्षांत तुमचं वय पन्नासाने वाढलं. एम.सी.जी.बाहेर टॉम विल्सचा पुतळा आहे, ७ ऑगस्ट १८५८ च्या स्कॉच कॉलेज आणि मेलबर्न ग्रामर यांच्या सामन्यात पंचगिरी करताना. चाळीस-चाळीस पोरांचा तो सामना तीन शनिवार चालला आणि एक-एक गोलवर सुटला. तो तुम्हाला आपला वाटतो. समारंभाला पूर्वज हवेत, मोजणीला नकोत, असं चालत नाही.

दुसरी तक्रार १८९६ ची, आणि ही मला सर्वांत बोचते. त्या हंगामाच्या शेवटी कॉलिंगवूड आणि साउथ मेलबर्न बरोबरीत होते. निकालासाठी ३ ऑक्टोबरला वेगळा सामना ठरला. त्याच्या आदल्या दिवशी, २ ऑक्टोबरला, सहा संघांनी बैठक करून जुनी संघटना, व्ही.एफ.ए. (व्हिक्टोरियन फुटबॉल असोसिएशन), सोडायचं आणि नवी व्ही.एफ.एल. (व्हिक्टोरियन फुटबॉल लीग, म्हणजेच आजची ए.एफ.एल.) काढायचं ठरवलं, आणि कार्लटन व सेंट किल्डा या आणखी दोघांना सोबत बोलावलं. दुसऱ्या दिवशी सामना झाला. कॉलिंगवूड सहा, साउथ पाच. सात महिन्यांनी, ८ मे १८९७ ला, तेच संघ, बहुतेक तेच गडी, त्याच मैदानांवर उतरले. तुमच्या लेखी ऑक्टोबरमधला तो सामना नाही आणि मेमधला आहे. साउथ त्या दिवशी हरला, तरी मी हे कॉलिंगवूडच्या बाजूने लिहितोय. या गावात राहणाऱ्याला याची किंमत कळेल.

आमच्याकडे शेतीची वाटणी होते तेव्हा सातबाऱ्यावर फेरफार पडतो. धाकटा भाऊ वेगळा झाला तर नोंद त्या दिवसाची होते, पण म्हणून आजोबांनी विहीर खणलीच नव्हती असं कुठलाही तलाठी लिहीत नाही. तुम्ही तेच लिहून बसला आहात.

यावर तुमची बाजू मला माहीत आहे. व्ही.एफ.ए. १८९७ नंतरही चालू राहिली, फूट्सक्रे, नॉर्थ मेलबर्न, पोर्ट मेलबर्न, रिचमंड आणि विल्यम्सटाउन हे पाच संघ तिच्याकडे उरले, तेव्हा जुनी विजेतेपदं तिची. हे बोलणं एकदम टाकाऊ नाही, त्या संघटनेचा तिच्या इतिहासावर पूर्ण हक्क आहे आणि तो कुणी काढून घेऊ नये. पण झेंडा, म्हणजे विजेतेपद, संघटना जिंकत नाही, संघ जिंकतो. १८७७ ते १८९६ या वीस हंगामांचे विजेते पाहा : जिलाँग सात वेळा, साउथ मेलबर्न पाच, एसेंडन चार, कार्लटन दोन, फिट्झरॉय आणि कॉलिंगवूड एकेकदा. वीसच्या वीस तुमच्या आठ संस्थापकांपैकी सहांच्या घरात. मागे राहिलेल्या पाचांपैकी एकाच्याही नाही. आजोबा दोन्ही घरांचे असू शकतात.

इंग्लंडमध्ये १९९२ ला मोठे संघ जुन्या फुटबॉल लीगमधून असेच फुटून निघाले आणि प्रीमियर लीग झाली. लिव्हरपूलची त्याआधीची १८ विजेतेपदं कुणी पुसली का? ती जुनी इंग्लिश लीगसुद्धा सुरू झाली १८८८ ला, म्हणजे व्ही.एफ.ए.नंतर अकरा वर्षांनी. शेजारच्या साउथ ऑस्ट्रेलियाने आपले विजेते १८७७ पासून मोजले आहेत आणि त्यांचं आकाश काही कोसळलेलं नाही.

दुसरा आक्षेप असा, की सुरुवातीच्या काळात विजेता कोण हे वर्तमानपत्रं आणि लोकमत ठरवायचं, सगळ्यांचे सामनेही सारखे नसायचे. हे खरं आहे. गुण मोजून क्रम लावायची पद्धत १८८८ पासूनची. मग १८८७ पर्यंतच्या नावांपुढे तारा काढा, खाली टीप द्या, वाचक शहाणा आहे. मेलबर्नमध्येच मार्च १८७७ ला ऑस्ट्रेलिया आणि इंग्लंड खेळले, तेव्हा त्या सामन्याला 'पहिली कसोटी' कुणीही म्हटलं नव्हतं. ॲडलेडच्या क्लॅरेन्स मूडी नावाच्या पत्रकाराने १८९४ मध्ये बसून यादी केली आणि जगाने ती मानली. त्या सामन्यानंतर दोनच महिन्यांनी, १७ मेला, व्ही.एफ.ए. स्थापन झाली. एकाच वर्षात, एकाच शहरात जन्मलेल्या दोन भावंडांपैकी एकाचा दाखला मागाहून काढून मिळाला आणि दुसरं अजून नोंदवहीच्या बाहेर उभं आहे.

तिसरी गोष्ट लांबवत नाही, पण तिच्यावाचून हे पत्र अर्धं राहील. अल्बर्ट 'पॉम्पी' ऑस्टिन नावाचा आदिवासी खेळाडू १८७२ मध्ये जिलाँगकडून कार्लटनविरुद्ध एक सामना खेळला. तुमच्या यादीप्रमाणे पहिला आदिवासी खेळाडू ठरतो जो जॉन्सन, फिट्झरॉयचा, १९०४ सालचा. एका रेघेमुळे बत्तीस वर्षं गेली, आणि ती कुणाची गेली ते बघा. जुनं पान उघडलं की त्यातून अडचणीचंही बरंच निघेल, याची मला कल्पना आहे. विल्सच्या वडिलांसह १९ जण १८६१ मध्ये क्वीन्सलँडमध्ये आदिवासींच्या हल्ल्यात मारले गेले आणि त्याच्या सुडात गोऱ्यांनी जी माणसं मारली त्यांची मोजदादही कुणी नीट ठेवली नाही. वसाहतीच्या काळातला खेळ वसाहतीसकट येणार. तो तसाच आणा.

आणखी एक, हे तक्रार नाही, माझं मला सुचलेलं. खेळाला आधी सुट्टी लागते. मेलबर्नच्या पाथरवटांनी २१ एप्रिल १८५६ ला काम टाकून आठ तासांचा दिवस मिळवला, पुढे शनिवारची दुपार मोकळी होत गेली, आणि म्हणून १८८६ च्या सप्टेंबरमध्ये साउथ आणि जिलाँग यांची मॅच बघायला तीस हजारांवर माणूस तळ्याकाठी जमू शकला, जेव्हा सगळ्या शहराची वस्ती पाच लाखांच्या आत होती. त्याच काळात मुंबईत नारायण मेघाजी लोखंडे गिरणी कामगारांसाठी आठवड्याला फक्त एक सुट्टी मागत होते. ती मिळाली १० जून १८९० ला. साउथ मेलबर्न लागोपाठ तिसऱ्या विजेतेपदाच्या वाटेवर होता तो हाच हिवाळा. आमच्या पणजोबांना रविवार मिळाला आणि यांच्या पणजोबांना तिसरा झेंडा. म्हणून मला ते शनिवार नुसत्या खेळाचे वाटत नाहीत. कुणीतरी भांडून मिळवलेल्या दुपारी होत्या त्या, आणि त्या दुपारी काय झालं याची नोंद ठेवणं हे तुमचं काम आहे.

मागण्या साध्या आहेत. १८७७ ते १८९६ चे विजेते अधिकृत यादीत घ्या, हव्या त्या टिपांसह. त्या काळातल्या खेळाडूंचे सामने आणि गोल, जेवढे वर्तमानपत्रांतून सिद्ध होतात तेवढे, त्यांच्या नावावर लावा; बर्न्सपासून सुरुवात करा. ऑस्टिनचं नाव त्याच्या जागी लिहा, आणि ते लिहिताना त्याच्या लोकांशी बोला. लेक ओव्हलच्या कुंपणावर एक फलक लावा, ज्यावर १८८१, १८८५, १८८८, १८८९, १८९० ही पाच वर्षं असतील. आणि यातलं काहीच करायचं नसेल तर का नाही, ते सही करून जाहीर सांगा. 'आमची नोंद १८९७ पासून आहे' हे कारण नव्हे, ती तर तक्रारच आहे.

यात कुणाचा फायदा, हेही सांगून टाकतो, नाहीतर मागाहून कुणी म्हणेल लपवलं. सध्या कार्लटन, एसेंडन आणि कॉलिंगवूड सोळा-सोळा विजेतेपदांवर आहेत. जुनी वर्षं धरली तर एसेंडन वीसवर जाऊन एकटा वर बसतो. जिलाँग दहाचा सतरा होतो, आमचे स्वान्स पाचाचे दहा. एसेंडनवाले माझ्या ऑफिसात चार आहेत, आणि त्यांचं तोंड किती सुटेल याची मला आजच धास्ती आहे. तरीसुद्धा मागतोय.

म्हातारा आता नव्वदीला टेकला आहे. तळ्याला अर्धीच फेरी होते, कुंपणापाशी बाकावर बसतो. मुलगी परवा त्याला विचारत होती की १८८८ च्या संघाचे रंग कुठले होते. तो म्हणाला, लाल आणि पांढरा, आणखी कुठले असणार.

पुढच्या गणेशोत्सवातल्या प्रश्नमंजूषेची जबाबदारी यंदा माझ्याकडे आली आहे. तोच प्रश्न पुन्हा ठेवणार आहे. उत्तरपत्रिका ऑगस्टच्या शेवटी छापायला जाईल, तेवढ्यात कळवावे ही विनंती.

आपला,
साउथ मेलबर्नमध्ये राहणारा एक कोल्हापूरकर